वीस मिनिटं कुठून आली? : खाडीकाठच्या एका फोनवर आवृत्ती-नियंत्रण बसवण्याचं प्रकरण

जानेवारीतल्या एका द्वितीयेला संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास आमची होडी धक्क्यापासून चाळीस-पन्नास हातांवर चिखलात बसली. होडीत ९ पाहुणे होते, त्यातल्या एक आजी पंचाहत्तरीच्या. सूर्य बुडत आलेला. पौर्णिमेनंतरचं उधाण असल्यामुळे सुकतीला पाणी लांबवर ओसरलं होतं आणि ते परत भरून होडी उचलली जायला रात्रीचे दहा वाजणार होते. कुणाच्या जिवाला धोका नव्हता. दादाने आणि काकांनी गुडघाभर चिखलात उभं राहून फळ्या टाकल्या, एकेकाला हात धरून आणलं आणि आजींना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी उचललं. सगळे घरी पोचले तेव्हा मिट्ट अंधार होता.

आदल्या दिवशी पाहुण्यांच्या फोनवर आमच्या घरच्या फोनवरून आपोआप गेलेला संदेश सांगत होता : उद्या भरती दुपारी ४.५०, होडी ४.१५ला सुटेल. खरी भरती त्या दिवशी दोनच्या आत होऊन गेली होती.

संदेश चुकला कसा, हे शोधायला मला पुण्यातून दोन दिवस लागले. ती चूक पुन्हा होऊ नये म्हणून पुढच्या दीड-दोन महिन्यांत आम्ही जे केलं, ते इथे सविस्तर लिहिते आहे. कोकणात आता कितीतरी घरांत, बागांत, हॉटेलांत असा एखादा जुना फोन चार्जरला लावून ठेवलेला असतो आणि त्याच्यावर रोजची कामं सोपवलेली असतात. त्यात कुणी काय बदल केला, याची नोंद मात्र कुठेच नसते.

फोनवर काय काय होतं

आमचं घर दाभोळच्या खाडीकाठी, मुखापासून बरंच आत. ही वाशिष्ठीची खाडी. दादा आणि वहिनी ४ खोल्यांची राहण्या-जेवणाची सोय चालवतात, काका होडी बघतात. पडवीतल्या फळीवर एक जुना अँड्रॉइड फोन आहे, त्यावर टास्कर, म्हणजे ठरवून दिलेली कामं (टास्क) फोनकडून आपोआप करून घेणारं अ‍ॅप. अडीच वर्षांपूर्वी मी त्यावर पहिलं काम लावलं ते वीज गेल्याचं : फोनचं चार्जिंग तुटलं आणि १० मिनिटांत परत आलं नाही, तर दादाला एसएमएस. फ्रीजमध्ये मासळी असते, आणि दादा बाजारात असला तर घरी वीज गेल्याचं त्याला कळायला दुसरा मार्ग नव्हता. मग टाकीच्या पंपाची आठवण आली, खोल्यांच्या नोंदीची आली, आणि शेवटी होडीची वेळ. अडीच वर्षांत ३१ टास्क झाले. त्यातले काही मी लावलेले, काही दादाने, दोन-तीन वहिनीने. सगळं एकाच फोनवर, एकाच बॅकअपमध्ये.

होडीच्या वेळेसाठी मी भरतीचं कोष्टक वापरत होते. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी बंदरांच्या भरती-ओहोटीची कोष्टकं प्रसिद्ध करतो. तिथल्या वेळा घेऊन त्यात २० मिनिटं मिळवायची, म्हणजे आमच्या धक्क्यावरची वेळ येते. खाडीत जितकं आत जावं तितकं पाणी उशिरा पोचतं. ही वीस मिनिटं काकांनी सांगितलेली. कोष्टक मी टास्करच्या एका टास्कमध्येच ठेवलं होतं, तारीख आणि महिन्याच्या नावाने. वर्ष त्यात नव्हतं. दर ३१ डिसेंबरला मी नवं कोष्टक भरत असे.

ही माझी पहिली चूक, आणि बाकीचं सगळं तिच्यावर उभं राहिलं.

चूक नेमकी कुठे झाली

जानेवारीच्या सुरुवातीला वहिनी फोनवरचे जुने, बंद टास्क काढून टाकत होती. त्यात वीज गेल्याचा टास्क उडाला. दोन दिवसांनी वीज गेली आणि एसएमएस आला नाही, तेव्हा ते लक्षात आलं. दादाने व्हॉट्सअपवर मी कधीकाळी पाठवलेल्या बॅकअप फाईली शोधल्या. सात सापडल्या, सातही फाईलींचं नाव ‘बॅकअप’. कोणती कधीची, हे फक्त संदेशाच्या तारखेवरून कळत होतं. सर्वांत अलीकडची नोव्हेंबरातली होती. त्याने ती टास्करमध्ये रिस्टोअर केली, चार्जर काढून पाहिला, १० मिनिटांनी एसएमएस आला. काम झालं.

टास्करचं रिस्टोअर एक टास्क परत आणत नाही. फोनवरचं जे काही आहे ते सगळं पुसून जुनं सगळं आणतं. नोव्हेंबरच्या फाईलमध्ये गेल्या वर्षीचं कोष्टक होतं. वीज गेल्याचा टास्क परत आला, त्याच्यासोबत भरतीचं पूर्ण वर्ष मागे गेलं, आणि पडद्यावर काहीच वेगळं दिसलं नाही.

वर्षाच्या फरकाने भरती किती सरकते, याचा हिशेब सोपा आहे. चांद्रवर्ष ३५४ दिवसांचं, सौरवर्ष ३६५ दिवसांचं. म्हणजे गेल्या वर्षी याच तारखेला जी तिथी होती, ती या वर्षीच्या तिथीपेक्षा साधारण ११ तिथी मागे. यंदा द्वितीया, तर गेल्या वर्षी आधीच्या पक्षातली षष्ठी. काकांच्या पाऊणपटीच्या हिशेबाने बघा : तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ मिळते. द्वितीयेची दीड वाजता, षष्ठीची साडेचार वाजता. दोन्हींत वीस मिनिटं मिळवा. एक १.५० आणि दुसरी ४.५०. तीन तासांची तफावत, आणि तीही उधाणाच्या दिवशी.

त्या संध्याकाळी काका होडीवर होते. धक्क्यावरून निघताना त्यांनी पाणी बघितलं होतं. ते दादाला म्हणाले होते, “अरे, पाणी उतरतंय असं वाटतंय.” दादा म्हणाला, “काका, फोनवर पावणेपाच आहे.” काका गप्प बसले. गेली दोन वर्षं फोन कधी चुकला नव्हता. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त लागलं ते हे. साठ वर्षं पाणी बघणाऱ्या माणसाने माझ्या संदेशापुढे आपला अंदाज मागे घेतला, आणि तो संदेश कुठून आला आहे हे मलाही सांगता आलं नसतं.

आधी काय ठरवलं

दादाचं पहिलं म्हणणं होतं की रोज रात्री बॅकअप आपोआप ड्राइव्हवर जाऊ दे. मी नको म्हटलं. आमच्याकडे बॅकअप सातच काय, सत्तर असते तरी त्या दिवशी हेच झालं असतं. बॅकअप सांगतो की अमुक दिवशी फोन असा होता. दोन दिवसांमध्ये काय बदललं, कुणी बदललं, का बदललं, हे तो सांगत नाही. आम्हाला हव्या होत्या त्या या तीन गोष्टी, आणि चौथी : एकच टास्क मागे नेता यावा, बाकी सगळं तसंच राहावं.

म्हणून गिट : आवृत्ती-नियंत्रणाचं, म्हणजे फाईलींमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं सॉफ्टवेअर. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या कामासाठी ते लिहिलं आणि आज जगभरचे प्रोग्रामर ते वापरतात. पण आमच्या घराला ते मानवलं ते एका वेगळ्या कारणाने. गिटचा सगळा इतिहास त्याच फोनवर असतो. नोंद करायला नेट लागत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात दोन-दोन दिवस रेंज नसते. नोंद फोनवर होऊन राहते, आणि रेंज आली की ती गिटहब या संकेतस्थळावरच्या खासगी रेपोत (फाईली आणि त्यांच्या नोंदी ठेवायच्या जागेत) पाठवली जाते.

फोनवर गिट चालवायला टर्मक्स हे आज्ञा टाईप करून प्रोग्राम चालवण्याचं अ‍ॅप लागतं. ते आणि त्याची सगळी जोड-अ‍ॅप्स एफ-ड्रॉइड या अ‍ॅप-भांडारावरूनच घेतली. मुख्य अ‍ॅप एका ठिकाणचं आणि जोड-अ‍ॅप दुसऱ्या ठिकाणचं असेल, तर त्यांच्या स्वाक्षऱ्या जुळत नाहीत आणि ती एकमेकांशी बोलत नाहीत.

रेपो कुठे ठेवायचा यात आमची एक संध्याकाळ गेली. टास्कर फाईली काढतं ती फोनच्या सामायिक साठ्यात, म्हणून मी रेपोही तिथेच केला. गिटने साफ नकार दिला : या फोल्डरची मालकी संशयास्पद आहे. २०२२पासून गिट दुसऱ्याच्या मालकीच्या फोल्डरमध्ये काम करायला तयार होत नाही, आणि अँड्रॉइडचा सामायिक साठा टर्मक्सच्या मालकीचा नसतो. अपवाद म्हणून ते फोल्डर मंजूर करता येतं, पण तिथे फाईलींच्या परवानग्याही नीट राहत नाहीत. शेवटी रेपो टर्मक्सच्या स्वतःच्या घरात ठेवला, आणि सामायिक साठ्यातून तिकडे फक्त प्रत करायची, असं ठरलं.

आणखी एक बारीक गोष्ट, मराठीत फाईलींना नावं देणाऱ्यांसाठी. गिट देवनागरी नावं मुळात आकड्यांच्या लांबलचक माळेसारखी दाखवतं. ‘कोट-पाथ’ ही एक सेटिंग बंद केली की ‘भरती’ हे ‘भरती’ असं दिसतं. दादाला पहिल्या दिवशी ती आकड्यांची माळ दिसली असती, तर त्याने हे सगळं तिथेच सोडलं असतं.

एक मोठी गाठ सोडवून सहा केल्या

गिट बसवण्याआधी टास्करमधला प्रोजेक्ट, म्हणजे टास्कचा गट, फोडावा लागला. ३१ टास्क एकत्र असतील, तर प्रत्येक नोंद ‘काहीतरी बदललं’ इतकंच सांगते. टास्करमध्ये खालच्या पट्टीवर वेगवेगळे प्रोजेक्ट करता येतात. आम्ही सहा केले : वीज, पाणी, होडी, पाहुणे, घोषणा, आणि एक ‘प्रयोग’. त्या शेवटच्यात कुणीही काहीही करून बघावं, त्याची नोंद होत नाही. प्रोजेक्टच्या नावावर बोट दाबून धरलं की तो एकटा एक्सएमएल या मजकुरी स्वरूपातली फाईल म्हणून बाहेर काढता येतो. पूर्ण बॅकअप आम्ही आता रेपोत ठेवतच नाही.

मग जे बदलतं आणि जे टिकतं, ते वेगळं केलं. भरतीचं कोष्टक टास्कच्या पोटातून काढून साध्या मजकूर फाईलमध्ये ठेवलं, दर वर्षाची फाईल वेगळी, पहिल्या ओळीत वर्ष. टास्क सगळ्यात आधी ती ओळ वाचतो. वर्ष आजचं नसेल, तर संदेश जात नाही, आणि पडवीतला फोन मोठ्याने बोलतो : कोष्टक जुनं आहे.

आणि फोन नंबर. एसएमएस पाठवण्याच्या कृतीत नंबर थेट लिहिलेला असेल, तर तो एक्सएमएलमध्ये जसाच्या तसा जातो. पहिल्याच नोंदीत आमच्या चार पाहुण्यांचे नंबर रेपोत गेले. गिटमध्ये पुढच्या नोंदीत ओळ पुसली, तरी मागच्या नोंदीत ती राहतेच. इतिहास जपणं हेच तर त्याचं काम. रेपो खासगी असला, तरी लोकांचे नंबर तिथे राहावेत हे मला पटलं नाही. नोंदी तीनच झाल्या होत्या, म्हणून सगळा रेपो टाकून नव्याने सुरू केला. आता नंबर एका वेगळ्या फाईलीत आहेत आणि ती फाईल गिटच्या दुर्लक्ष-यादीत आहे. हे काम पहिल्या दिवशी करा. पन्नास नोंदी झाल्यावर ते फार जड जातं.

गिटहबला जोडायची किल्लीही फोनवर वेगळी बनवली आणि ती फक्त या एका रेपोपुरती चालेल अशी लावली. पडवीतला फोन उद्या कुणी उचलून नेला, तरी माझं बाकीचं काम उघडं पडणार नाही.

माणसाला वाचता येईल असा फरक

खरं काम इथून पुढे होतं. टास्करची एक्सएमएल फाईल मजकुराचीच असते, पण ती माणसासाठी लिहिलेली नाही. तिच्यात कृतींची नावं नसतात, क्रमांक असतात. ५४८ म्हणजे पडद्यावर क्षणभर मजकूर दाखवणं, ५४७ म्हणजे व्हेरिएबलला किंमत देणं, ३० म्हणजे थांबणं, ४१ म्हणजे एसएमएस. प्रत्येक टास्कला शेवटच्या बदलाची वेळ मिलिसेकंदांत चिकटलेली असते. ती काहीही न बदलता टास्क उघडून बंद केला तरी पालटू शकते, आणि गिटला तो बदल वाटतो. कृतींचे क्रम तर अक्षरांच्या हिशेबाने लागतात : शून्य, एक, मग दहा, अकरा, आणि नंतर दोन. मध्येच एक कृती घातली की खालच्या सगळ्यांचे क्रमांक सरकतात. परिणाम असा की दादाने एका संदेशातला एक शब्द बदलला, आणि गिटने चाळीस ओळींचा फरक दाखवला.

मी पायथनमध्ये एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. ती एक्सएमएल वाचते, वेळेचे शिक्के टाकून देते, कृती खऱ्या क्रमाने लावते, आणि क्रमांकांच्या जागी मराठी नावं घालून एक वाचनप्रत तयार करते. ‘४१’ऐवजी ‘एसएमएस पाठव’. ‘५४७’ऐवजी ‘किंमत ठेव’. रेपोत दोन्ही जातात. फोनवर परत घालायची ती मूळ फाईल, तिला मी हात लावत नाही. वाचायची ती वाचनप्रत. गिटमध्ये असा फरक दाखवताना आपोआप रूपांतर करण्याची सोय आहे, आणि मी आधी तीच वापरली होती. पण ती सोय ज्या यंत्रावर लावलेली असते तिथेच चालते. दादा गिटहब फोनच्या ब्राउझरवर बघतो, तिथे त्याला कच्चं एक्सएमएलच दिसत होतं. म्हणून प्रत्यक्ष वाचनप्रत ठेवली. थोडी पुनरुक्ती होते, होऊ दे.

या वाचनप्रतीने घरातलं वातावरण बदललं, असं मी जबाबदारीने म्हणते. आता फरक असा दिसतो : एक ओळ लाल, ‘भरतीच्या वेळेत मिळव : २०’, आणि खाली एक ओळ हिरवी, ‘भरतीच्या वेळेत मिळव : २५’. हे काकांना वाचता येतं. त्यासाठी गिट काय असतं हे कळायची गरज नाही.

नोंद कशी होते

टर्मक्सचं एक विजेट फोनच्या पडद्यावर ठेवलं आहे, नाव ‘नोंद कर’. बदल केला, प्रोजेक्ट बाहेर काढला, की हे बटण दाबायचं. स्क्रिप्ट फाईली उचलते, वाचनप्रत बनवते, आणि पडद्यावर एक चौकट उघडते. त्यात दोन प्रश्न : काय बदललं? का बदललं? बोलून टाईप करता येतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर रिकामं असेल, तर नोंद होत नाही. पहिला प्रश्न खरं तर अनावश्यक आहे, कारण काय बदललं ते गिटला दिसतंच. तो ठेवला कारण लिहिताना माणूस थांबून बघतो, आणि दोनदा वहिनीला तिथेच कळलं की आपण भलताच टास्क बदलला आहे.

प्रोजेक्ट बाहेर काढण्याची पायरी आम्ही हातानेच ठेवली. ती विसरली जाऊ शकते हे मला माहीत आहे. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक प्रोजेक्टमध्ये एक नोंद-क्रमांक ठेवला, आणि बदल करताना तो एकाने वाढवायचा. सकाळी ६ वाजता फोन भरतीची वेळ बोलतो तेव्हा शेवटी तो क्रमांकही बोलतो. रेपोतला शेवटचा क्रमांक आणि पडवीत ऐकू येणारा क्रमांक जुळला नाही, तर कुणीतरी नोंद न करता हात लावला आहे. ही गोष्ट लोक विसरतात म्हणून ठासून सांगते : रेपोमध्ये जुनी आवृत्ती परत आणली म्हणून फोन बदलत नाही. गिट फोनच्या आत बसलेलं नाही. फाईल पुन्हा टास्करमध्ये घालावी लागते, आणि घातली का, हे तपासावं लागतं.

दोघांनी एकाच वेळी बदल केले तर? प्रोग्रामर लोक शाखा काढतात आणि नंतर त्या जोडतात. टास्करच्या फाईलवर मी ते एकदा करून पाहिलं आणि सोडून दिलं. क्रमांक सरकलेले असतात, टास्क कधी चालवायचा हे ठरवणारे प्रोफाईल त्याला आतल्या ओळख-क्रमांकाने हाक मारतात, आणि जोडलेली फाईल वरवर बरोबर दिसून आतून तुटलेली असू शकते. आमचा नियम साधा आहे : बदल फक्त पडवीतल्या फोनवर होतो. मला पुण्यातून काही सुचलं, तर मी ते रेपोत सूचना म्हणून लिहिते आणि दादा किंवा वहिनी ते करतात. हळू आहे. पण आता वहिनीला माझ्यापेक्षा जास्त टास्क कळतात.

टास्करऐवजी दुसरं काही वापरत असाल, तर थोडा फरक पडेल. मॅक्रोड्रॉइडच्या फाईली मजकुराच्या असतात, त्यांच्यावर हीच पद्धत चालते. ऑटोमेटच्या फ्लो-फाईली आणि आयफोनच्या शॉर्टकट-फाईली अशा वाचता येत नाहीत. तिथे फरक दिसणार नाही, पण प्रत्येक आवृत्तीसोबत ‘का’ लिहिलं, तरी अर्धं काम होतं.

उलट तपासणी

फेब्रुवारीत दादाच्या जुन्या फोनवर सगळं कोऱ्यापासून उभं करून बघितलं, फक्त रेपोवरून. नोंद होणारे पाचही प्रोजेक्ट पाच मिनिटांत आले आणि एकही चालेना. एसएमएसची परवानगी नव्हती, टास्करला टर्मक्स चालवायची परवानगी नव्हती, बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली फोन टास्करला झोपवत होता, आणि नंबरांची फाईल अर्थातच नव्हती. यातली एकही गोष्ट एक्सएमएलमध्ये नसते. हे सगळं आता रेपोतल्या ‘आधी वाचा’ या फाईलीत ओळीने लिहिलेलं आहे, फोनच्या सेटिंगमध्ये कुठे जायचं त्यासह. नंबरांची फाईल वहिनीकडे पेन ड्राइव्हवर आहे. दुसऱ्यांदा केलं तेव्हा ४० मिनिटांत फोन कामाला लागला.

काकांचा हिशेब

कोष्टकाला वर्षाची तपासणी लावली होती, पण माझं समाधान झालं नव्हतं. फाईलवर वर्ष बरोबर असेल आणि आतले आकडे चुकीचे भरले असतील तर? तेव्हा काकांची पाऊणपट आठवली. किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हा हिशेब कोष्टकाइतका काटेकोर नाही, अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, तो बराच ढळतो. पण तो कोष्टकावर अवलंबून नाही, आणि तपासणीसाठी नेमकं तेच हवं असतं. ६ जानेवारी २०००ची अमावास्या धरून, २९.५३ दिवसांच्या चांद्रमासाने भागून, टास्क आजची अंदाजी तिथी काढतो, तिची पाऊणपट करतो, वीस मिनिटं मिळवतो. कोष्टकाची वेळ आणि ही वेळ यांत दीड तासाहून जास्त फरक पडला, तर संदेश थांबतो आणि काकांना फोनवरून हाक जाते. त्या द्वितीयेच्या आकड्यांवर मी हे चालवून पाहिलं. संदेश थांबला.

ही नोंद करताना चौकटीने मला विचारलं : का बदललं? मी लिहायला लागले आणि वीस मिनिटांवर अडले. अडीच वर्षं हा आकडा फोनवर होता आणि तो कुठून आला हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. काकांना फोन लावला.

“वीस मिनिटं कशाची, ते आत्ता विचारतेस होय गो?” ते म्हणाले. मग सांगायला बसले. बऱ्याच वर्षांपूर्वी दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर त्यांच्या ओळखीचा एक जण होता. तिथे भरतीचं पाणी थांबलं की तो फोन करायचा, आणि काका आमच्या धक्क्यावर खांबाला खूण करून घड्याळ घेऊन बसायचे. एक अख्खा हिवाळा त्यांनी हे केलं. कधी पंधरा आलं, कधी पंचवीस, बहुतेक वेळा वीस. “पण ते थंडीतलं हां. पावसात धरू नको. आणि वरून कोयनेचं पाणी जास्त सुटलं, की सुकती लांबते.” कोयना प्रकल्पात वीज तयार करून सुटलेलं पाणी चिपळूणच्या बाजूने वाशिष्ठीतच उतरतं, हे मला ठाऊक होतं. ते आमच्या धक्क्यावरच्या हिशेबात येत असेल, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

मी सगळं जसंच्या तसं नोंदीत लिहिलं. रेपोतली ती सर्वांत लांब नोंद आहे, आणि त्यात बदललेली ओळ एकच.

त्यानंतर काका अधूनमधून धक्क्यावर घड्याळ घेऊन जाऊ लागले. मार्चच्या पहिल्या आठवड्यात गिटहबवर दादाची एक नोंद आली, माझ्याशी काहीही न बोलता केलेली. काय बदललं : होडी, २० चे २५. का बदललं : काकांनी अमावास्येला आणि प्रतिपदेला दोन्ही दिवस धक्क्यावर उभं राहून बघितलं. पुढच्या वळणावर गाळ वाढला आहे, पाणी उशिरा पोचतं असं ते म्हणतात. पौर्णिमेला पुन्हा बघणार. तोपर्यंत २५.